निस्सीम : एका नावाची गोष्ट

तर झालं असं, की मला आत्या व्हायला बेचाळीस वर्षं लागली. धाकटा भाऊ लातूरला, आई त्याच्याजवळ, आणि मी लग्नानंतर नांदेडला. त्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मधे दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरात रात्री दीड वाजता त्याचा फोन आला तेव्हा मी आधी घाबरलेच. तो म्हणाला, "ताई, मुलगा झाला. दोघंही चांगले आहेत." पुढं त्याला बोलता येईना आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. आईचं बोलणं नेहमी मुद्द्याचं. "वृश्चिक रास, अनुराधा नक्षत्र, अक्षर 'नी' आलंय. नाव तुलाच ठेवायचंय. बाराव्या दिवशी बारसं. शोध."

आपल्याकडं नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं आणि सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हा मान मिळावा म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती! पण 'नी'वरून नावं काढायला बसले आणि लक्षात आलं की सगळी आधीच वापरून झालीयत. नीरज आमच्या चुलतभावाकडं, निखिल शेजारी, नीलेश तर प्रत्येक वर्गात दोन. निनाद छान, पण भावाच्या साहेबांचं तेच नाव. भावाची अट होती, "जे आपल्या ओळखीत कुणाचंच नाही, असं काहीतरी सांग."

तेव्हा मला आठवलं, असं एक नाव तर मी गेली सोळा-सतरा वर्षं फळ्यावर लिहीत आलेय.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. निस्सीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' ही कविता मी कितीतरी वेळा वर्गात शिकवली आहे, कधी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, कधी अभ्यासक्रम संपल्यावर मला आवडते म्हणून. पावसाची रात्र, घरात विंचू शिरतो, आईला डसतो. शेजारपाजार गोळा होतो, मंत्र होतात, मुळ्या उगाळल्या जातात, आणि सगळं झाल्यावर ती माऊली म्हणते की बरं झालं, मलाच चावला, लेकरं वाचली. आमच्या पोरांना ही कविता समजावून सांगावी लागत नाही. मराठवाड्यात ज्याच्या घरी विंचू निघाला नाही असं घर शोधावं लागेल.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी लोह्याकडच्या एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, हे निस्सीम म्हणजे आपलं निस्सीम भक्तीतलंच ना?" मी ठोकून दिलं, "हो, तेच." मास्तरकीत 'माहीत नाही' म्हणायला जरा वेळ लागतो. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की ते तेच नाही. त्या मुलाला काही मला परत भेटून चूक दुरुस्त करता आली नाही. आज इथं करते.

मराठीतला निस्सीम संस्कृतातून आला. नि: आणि सीमा, ज्याला सीमा नाही तो. निस्सीम प्रेम, निस्सीम भक्त. कवीच्या नावातला निस्सीम हा हिब्रू शब्द आहे. 'नेस' म्हणजे चमत्कार, आणि त्याचं अनेकवचन 'निस्सीम', म्हणजे पुष्कळ चमत्कार. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. गंमत म्हणजे हिब्रूतही जुन्या पद्धतीनं लिहिताना मधल्या स वर तो दुहेरी असल्याची खूण असते. आजच्या बोलण्यात तिकडं 'निसीम' असंच ऐकू येतं, पण आपण देवनागरीत जोडाक्षर लिहितो ते त्यांच्या व्याकरणालाही धरून आहे.

आणि तिसरा एक शब्द आहे, तो तर आमच्या नांदेडच्या गल्लीतच राहतो: नसीम. हा अरबी, अर्थ झुळूक, मंद वारा. उर्दूतून आपल्या कानाला तो इतका ओळखीचा की नसीम नावाची एखादी बाई किंवा एखादा चाचा प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. बाळांच्या नावांच्या याद्या पाहिल्यात तर या तिन्हींची खिचडी झालेली दिसते. कुठं निस्सीम म्हणजे झुळूक, कुठं नसीम म्हणजे चमत्कार. तेव्हा यादीवरून नाव ठेवणाऱ्यांनी जरा जपून!

तर मी फोन करून नाव सुचवलं. "निस्सीम." भावाला एकदम आवडलं. आई म्हणाली, "म्हणायला बरं आहे." मग मी उत्साहाच्या भरात सगळी माहितीही सांगून टाकली: कवीचं नाव आहे, ज्यू होते, हिब्रूत अर्थ असा असा. तिथंच चुकलं. आमचे मामा तेव्हा तिथंच बसलेले. फोन स्पीकरवर. ते म्हणाले, "ज्यूंचं नाव? आपल्यात? उद्या लेकरू शाळेत जाईल तर पोरं काय म्हणतील त्याला? आपली देवाधर्माची नावं काय कमी पडली का गं?"

मामांना उलट बोलायची आमच्यात रीत नाही. पण डोक्यात ते राहिलं. परकं नाव म्हणजे नेमकं काय? त्या बारा दिवसांत रात्री जेवणं झाली की मी याच्याच मागं लागलेली असे. जे सापडलं ते इथं लिहून ठेवतेय. बाळ मोठं झाल्यावर विचारील तेव्हा उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट ही की हिब्रू नावं मराठवाड्याला मुळीच परकी नाहीत. आपण त्यांना हिब्रू म्हणून ओळखत नाही एवढंच. आमच्या नांदेडला कुठल्याही शाळेचं हजेरीपत्रक उघडा. युसूफ म्हणजे हिब्रूतला योसेफ. याकूब म्हणजे याकोव. मुसा म्हणजे मोशे. सुलेमान म्हणजे श्लोमो, दाऊद म्हणजे दावीद, इलियास म्हणजे एलिया, यूनुस म्हणजे योना, अयूब म्हणजे इयोव. हे सगळे पैगंबर कुराणात आहेत, त्यामुळे ही नावं अरबी-फारसीच्या वाटेनं आपल्याकडं केव्हाच आली आणि निजामाच्या राज्यात तर घरोघर झाली. दुसरी वाट मराठी बायबलची. लातूर-उदगीरकडच्या ख्रिस्ती घरांतले शमुवेल, दानीएल, याकोब त्या वाटेनं आले. आपण ज्याला रोज 'काय युसूफभाई' म्हणून हाक मारतो त्याचं नाव तीन हजार वर्षांपूर्वीच्या हिब्रू गोष्टीतलं आहे, हे ना त्याच्या लक्षात असतं ना आपल्या.

मग निस्सीमच का दिसत नाही? उत्तर सोपं निघालं. बायबलमध्ये निस्सीम नावाचा माणूसच नाही. तो पैगंबर नाही, राजा नाही, कुणाचा मुलगा नाही. त्यामुळे ते कुराणाच्या वाटेनं आलं नाही आणि मिशनच्या वाटेनंही नाही. ते नुसता एक शब्द होता. त्याचं नाव केलं ते ज्यू लोकांनी आपापसात, आणि म्हणून ते त्यांच्यातच राहिलं.

आणि तिसरी वाट होती ती कोकणातून. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. त्यांच्यात परंपरेनं सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा सगळा वंश. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. ज्या गावी राहिले त्या गावाचं आडनाव झालं: दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. जुन्या हिंदी चित्रपटांतले लाडके डेव्हिड आठवतात ना? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

मला सगळ्यात मजा वाटली ती त्यांच्या पहिल्या नावांची. शेकडो वर्षं बाहेरच्या ज्यूंशी संबंध नसताना त्यांनी बायबलमधली नावं टिकवली, पण मराठी कपडे चढवून. शमुवेलचा झाला सामाजी. अब्राहामचा आबाजी. इसहाकचा इसाजी. आणि यहेज्केलचा, ज्याला इंग्रजीत इझिकेल म्हणतात, त्याचा झाला हसाजी! मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे त्यांच्या माणसांत सामाजी हसाजी दिवेकर होते. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. जिवंत परत आलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, अशी आठवण त्यांच्यात सांगतात. त्या मंदिराचं नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. आपण लोकलनं जातो ते मस्जिद स्टेशन, त्याच्या नावातली 'मशीद' ही त्या सिनेगॉगवरूनच आली असं म्हणतात. त्यातला 'रहमीम' पाहिलात? आपल्या 'रहम'चा सख्खा भाऊ.

पुढं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू शिकवायला सुरुवात केली. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून छापलं. बायबलचा जुना करार मराठीत वाचायला मिळाला. आणि या लोकांना उमगलं की आपला सामाजी म्हणजे सॅम्युएल, आपला हसाजी म्हणजे इझिकेल. मग हळूहळू 'जी' गळून पडला. दोन-तीन पिढ्यांत कागदोपत्री सगळे सॅम्युएल, अब्राहम, मोझेस झाले. हे वाचताना मला थोडं वाईटच वाटलं. हसाजी किती गोड नाव! पण ज्याचं नाव त्याची मर्जी.

या जुन्या नावांत निस्सीम बसत नाही. ते नंतर, बाहेरच्या ज्यूंशी ओळख वाढल्यावर आलेलं असावं असा माझा तर्क आहे. कारण हनुक्का हा जो त्यांचा दिव्यांचा सण, ज्यात या 'चमत्कारां'बद्दल देवाचे आभार मानायची खास प्रार्थना असते, तो सणच कोकणातल्या बेने इस्राएलांना पूर्वी माहीत नव्हता. त्यांचे पूर्वज तो सण सुरू होण्याआधीच तिकडून निघाले होते, असं ते मानतात.

निस्सीम इझिकेल यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ चा, मुंबईचा. म्हणजे आमच्या बाळाचं बारसं आणि कवीची जन्मशताब्दी यांत जेमतेम थोड्या दिवसांचं अंतर पडलं. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. स्वतः निस्सीम यांनीही आयुष्यभर शिकवलं. १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार, १९८८ मध्ये पद्मश्री, आणि ९ जानेवारी २००४ रोजी निधन. आपल्या इंदिरा संतांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर केलं, ते १९७४ मध्ये आलं. हे मी कॉलेजात कितीदा सांगते, पण त्यांची विंचवाची कविता ज्या संग्रहात आहे त्याचं नाव माझ्या कधी लक्षात राहिलं नव्हतं. परवा पाहिलं. १९६५ चा संग्रह, 'द एक्झॅक्ट नेम'. नेमकं नाव! आणि बाळाची रास वृश्चिक. मी पत्रिकाबित्रिका फार मानणारी नाही, पण हसू आलं.

कवीच्या आधीही पुष्कळ निस्सीम होऊन गेले. अकराव्या शतकात आजच्या ट्युनिशियात कैरुआन गावी रब्बी निस्सीम होते. आप्ताचा मुलगा वारला म्हणून त्याच्या सांत्वनासाठी त्यांनी संकटानंतर सुटका होण्याच्या गोष्टींचं एक आख्खं पुस्तक अरबीत लिहिलं. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये दुसरे मोठे रब्बी निस्सीम. इराक, तुर्कस्तान, ग्रीस, उत्तर आफ्रिका या भागांतल्या ज्यूंमध्ये हे नाव चांगलं चालायचं. युरोपच्या थंड भागांतल्या ज्यूंमध्ये मात्र फारसं नाही. इस्राएलमध्ये आज ते आजोबांच्या पिढीचं नाव समजतात. नव्या बाळांना क्वचित ठेवतात. आपल्याकडं आता पांडुरंग किंवा दत्तात्रय कसं कुणी सहसा ठेवत नाही, तसं.

नावाचा असा सगळा आनंदीआनंदच होता असं मात्र नाही. पॅरिसमध्ये निस्सीम दे कामोंदो या नावाचं एक संग्रहालय आहे. इस्तंबूलहून आलेल्या श्रीमंत ज्यू घराण्यातला हा मुलगा फ्रान्सच्या बाजूनं पहिल्या महायुद्धात विमानातून लढताना १९१७ साली मारला गेला. वडिलांनी आपलं घर, त्यातल्या सगळ्या वस्तूंसकट, मुलाचं नाव देऊन देशाला देऊन टाकलं. पुढच्या महायुद्धात त्याच्या बहिणीला आणि तिच्या मुलांना त्याच फ्रान्समधून आउश्वित्झला नेऊन मारलं. नाव चमत्कार, आणि चमत्कार काही झाला नाही.

आणि आपल्या बेने इस्राएलांना या नावानं एकदा चांगलंच पोळलं होतं. ही मंडळी इस्राएलला गेल्यावर १९६०च्या सुमारास तिथल्या धर्मपीठानं शंका काढली की लग्नाच्या दृष्टीनं हे पूर्ण ज्यू धरावेत का. १९६२ मध्ये त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचे नियम निघाले. त्या वेळचे सेफार्दी मुख्य रब्बी होते यित्झाक निस्सीम, मूळचे बगदादचे. आडनावच निस्सीम! मराठी ज्यूंनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, संसदेनं त्यांची बाजू घेतली आणि १९६४ मध्ये ते नियम बदलावे लागले. दोन हजार वर्षं कोकणात राहून शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि तिकडं गेल्यावर विचारलं, तुम्ही आमचेच कशावरून. 'आपल्यातलं' आणि 'परकं' हा प्रश्न फक्त आमच्या मामांनाच पडतो असं नाही.

आता तर ते इथं थोडेच राहिलेत. २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशात ज्यू ४,६५०, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. राज्य सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्राएलमध्ये गेलेल्यांनी तिकडं मराठीतून 'मायबोली' नावाचं नियतकालिक चालवलं. आम्ही मराठवाड्यातले लोक सिनेगॉग पाहतो ते पुण्याला गेल्यावर, लाल देऊळ म्हणून, तेही बाहेरूनच.

एवढा सगळा अभ्यास करून मी बारशाच्या आदल्या दिवशी लातूरला निघाले. अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा मामांना काय काय सांगायचं याची मनात उजळणी चालली होती. पण लातूरला पोचले आणि पाहते तर मामांचा प्रश्नच राहिला नव्हता. आईनं त्यांना एका वाक्यात गप्प केलं होतं, "निस्सीम भक्त म्हणतो की नाही आपण? झालं तर." खरा प्रश्न निघाला तो वेगळाच.

रात्री बाळ झोपल्यावर भावजय म्हणाली, "ताई, एक बोलू का? राग मानू नका. नाव मला आवडलंय. पण तो दुसरा अर्थ, चमत्कार... तो नको वाटतो."

ती मूळची औसा तालुक्यातली. किल्लारीच्या पट्ट्यातलं गाव. ३० सप्टेंबर १९९३ ला ती चार वर्षांची होती. गणपती विसर्जन करून सगळं गाव झोपलेलं, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीची जाड भिंतींची घरं, त्यावर मातीचं माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्ही लातूर शहरात होतो. अंगणात पळालो आणि वाचलो. तिच्या घरातली पाच माणसं गेली. आई, दोन भाऊ, आजोबा आणि पाठची बहीण. ती दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली, एका फळीखाली.

"मला लहानपणापासून सगळे म्हणायचे, ही वाचली म्हणजे चमत्कारच," ती म्हणाली. "पाहुणे आले की मला पुढं करायचे. पेपरवालेही येऊन गेले. मंगरूळला ती दीड वर्षाची पोर पाच दिवसांनी जिवंत निघाली, तिच्याबद्दल असंच सगळे बोलायचे. मला तेव्हाही वाटायचं, मी चमत्कार तर मग माझी बहीण कोण? ती माझ्याच शेजारी झोपली होती, ताई. देवाला एकच फळी सापडली का?"

माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ती पुढं म्हणाली, "याच्या आधी दोन गेले. आता हा चमत्कार म्हणायचा तर ते दोघं कोण? माझ्या लेकरावर असलं ओझं नको. त्याला नुसतं लेकरू असू द्या."

बारा दिवस मी पुस्तकं चाळली, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हणाले, "मग निनाद ठेवू. राहू दे हे." ती गप्प बसली. तिला नाव सोडवतही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "त्या शब्दाचा अजून काही अर्थ आहे का? तुम्ही सगळं वाचलंय ना."

होता. मी तो वाचला होता आणि महत्त्वाचा न वाटल्यानं बाजूला टाकला होता. बायबलच्या जुन्या हिब्रूत 'नेस' म्हणजे चमत्कार नव्हेच. चमत्काराला तिथं दुसरे शब्द आहेत. नेस म्हणजे उंच काठीवर लावलेलं निशाण. डोंगरावर उभं करायचं, म्हणजे लांबच्या माणसांना दिसावं आणि सगळे तिथं धावून यावेत. वाळवंटात लोकांना साप चावू लागले तेव्हा मोशेनं पितळेचा साप करून काठीवर लावला आणि चावलेल्यांनी त्याच्याकडं पाहिलं ते वाचले, अशी गोष्ट आहे. त्या काठीलाही शब्द हाच, नेस. निशाणाचा चमत्कार झाला तो फार नंतर, पुढच्या काळातल्या हिब्रूत.

मी हे जसं आठवेल तसं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काठीवर लावलेलं?"

"हो."

"आमच्या काकांनी लावलं होतं," ती म्हणाली. "मला काही आठवत नाही, आजी सांगायची. रात्री त्यांना ढिगाऱ्यातनं आवाज आला, पण अंधार, पाऊस, आणि एकट्याच्यानं दगड हलेनात. सकाळी जागा सापडणार नाही म्हणून त्यांनी काठी रोवली आणि आपल्या धोतराची पट्टी फाडून तिला बांधली. मग माणसं आणायला गेले. कुठं खणायचं ते त्या काठीवरनं कळलं. आवाज माझा होता."

दोघी बराच वेळ काही बोललो नाही. बाहेर भाऊ मंडपवाल्याशी फोनवर भांडत होता.

मग ती म्हणाली, "हा अर्थ चालेल."

हिब्रूत नावाला किती अर्थ धरतात, कुठला आधी आणि कुठला नंतर, हे विद्वान सांगतील. मला त्या रात्री एवढंच कळलं की नावाचा अर्थ कोशात सापडतो तो अर्धाच. आपल्याकडं मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवत. त्या नावाचा अर्थ काही दगड नव्हे. त्याचा अर्थ त्या आईची भीती. ज्यूंमध्येही आजारातून उठलेल्या माणसाला 'हाईम' म्हणजे जीवन हे नाव जोडायची चाल आहे. बेने इस्राएलांचा पहिला मोठा इतिहास लिहिणाऱ्या किहीमकरांचं नावही हाईमच होतं. माणूस नावात मागतो ते सगळीकडं सारखंच असतं, शब्द तेवढे वेगळे.

बारसं चांगलं झालं. घुगऱ्या, पेढे, पाळण्याला झेंडूची माळ. बायकांनी गोविंद-गोपाळ करत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून नेलं. मग मी वाकले आणि त्याच्या कानात सांगितलं. त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला. पाठीत एवढे धपाटे बसले की दोन दिवस दुखत होतं. मामांनी मोठ्यानं विचारलं, "काय ठेवलं?" भावजयच म्हणाली, "निस्सीम." मामा म्हणाले, "छान आहे. भक्तीतलं." तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. आम्ही काही बोललो नाही.

हनुक्काच्या सणात ज्यू मुलं एका भोवऱ्यानं खेळतात. त्याच्या चार बाजूंवर चार अक्षरं असतात, त्यातलं पहिलं या 'नेस'चं. बाहेरच्या देशांतल्या भोवऱ्यावरच्या अक्षरांचा अर्थ, तिथं मोठा नेस घडला. इस्राएलमधल्या भोवऱ्यावर एक अक्षर बदलतात, म्हणजे अर्थ होतो, इथं घडला. परत येताना एसटीत मला हे आठवलं आणि मनात आलं, आमच्या बाळाला कधीतरी असा भोवरा करून द्यावा. कुठलं अक्षर घालायचं ते त्याच्या आईला विचारून.

तो आता चालायला लागलाय. आई त्याला 'निशू' म्हणते आणि गल्लीतली पोरं 'निशा' म्हणून चिडवतात. मामांचा अंदाज तेवढा खरा ठरला!